एका फोनवर सात माणसं

दिवाळी उलटली की गोंदियाच्या हवेला उकडलेल्या धानाचा वास लागतो. मिलच्या धुराड्यांतून वाफ निघते, तुसाची बारीक काळी राख गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते आणि घरातल्या बायका दरवर्षी तीच तक्रार करतात. रस्त्यावरून पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर जातात, मागे सांडलेल्या दाण्यांवर चिमण्या उतरतात. हा हंगाम मला लहानपणापासून आवडतो. फक्त गेली नऊ वर्षं तो आला की एक गोष्ट आठवायची, आणि ती मी परवापर्यंत कोणाला सांगितली नव्हती.

एका मुलीच्या नावावर माझी चूक चढलेली आहे. ती उतरवून माझ्या नावावर घ्यायची आहे. या लेखाचं काम एवढंच. पण तो हंगाम आठवायला बसलं की नुसती चूक आठवत नाही. त्या खोलीतली माणसं, चहा, भिंत, खिडकी, सगळं सोबत येतं, आणि त्यातलं बरंचसं फार गोड आहे. त्या मुलीला, हेमलताला, मी विचारलं, लिहू का म्हणून. ती म्हणाली, "लिहा सर. पण बैलांचीबी नावं लिहाल."

लिहितो. लाखा आणि मोती.

मी पॉलिटेक्निकात शिकवायचो. नव्याण्णव साली आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा इंटरनेटचं पान उघडलं तेव्हा सगळे उभे राहून बघत होते. एक चित्र वरून खाली, एकेक पट्टी करत उतरत होतं. आमचा शिपाई बराच वेळ बघून म्हणाला, "सर, हे तं गोठ्यात पाणी सांडल्यावानी आस्ते आस्ते पसरून राहिलं." चित्र पूर्ण होईपर्यंत तास संपला होता. निवृत्त झालो तेव्हा मनात आलं, या पाण्याचं काहीतरी करावं. आशिष नावाच्या जुन्या विद्यार्थ्याला घेतलं आणि वेबसाइटी बनवायचं दुकान काढलं. दुकानच म्हणत होतो आम्ही. एका राइस मिलच्या गोदामावरची ती खोली. मिल चालू झाली की फरशी थरथरायची, कपातल्या चहावर गोल गोल रेघा उमटायच्या. आशिष गोंदियातला, घरी हिंदी बोलणारा. तो म्हणायचा, "सर, चाय देखकर बता सकता हूँ बिजली है या गई."

सुरुवातीला आम्ही मी वर्गात शिकवायचो तसंच काम केलं. आधी जाड फाइल, त्यात सगळा आराखडा, मग सहा महिने मान खाली घालून बांधकाम, आणि शेवटी एकदाच दाखवणं. पहिल्याच गिऱ्हाइकानं सहा महिन्यांनी ते पाहिलं आणि शांतपणे म्हणालं, "छान आहे, पण आम्हाला हे नव्हतं पाहिजे." मग मी वाचू लागलो. जगात लोक काम तुकड्या-तुकड्यांनी करत होते. पंधरा दिवसांत एक लहानसा पण चालणारा भाग, तो वापरणाऱ्यासमोर ठेवायचा, तो नाक मुरडेल तिथं दुरुस्त करायचा, मग पुढचे पंधरा दिवस. मला त्यात परकं काही वाटलं नाही. आपल्याकडेही सगळं धान एकदम घरात येत नाही. हलकं म्हणजे लवकर पिकणारं आधी कापतो, भारी मागून. प्रत्येक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, पिकली की तिच्याकडे वळायचं.

भिंतीवर फळ्याऐवजी गोदामातलं एक बारदान, रिकामं पोतं, उसवून ठोकलं. त्यावर टाचण्यांनी कार्डं. एका कार्डावर एकच काम, तेही वापरणाऱ्याच्या शब्दांत. तीन रकाने होते, करायचं, चालू आणि झालं. सकाळी दहाला सगळ्यांनी कप घेऊन बारदानासमोर उभं राहायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं ते सांगायचं. कपातला चहा संपला की बैठक संपली. बसायचं नाही, कारण बसलं की माणूस भाषण करतो. हा नियम मी माझ्यासाठीच केला होता.

दुसरा नियम होता तो महत्त्वाचा. 'झालं' या रकान्यात कार्ड सरकवायचा अधिकार ते काम करणाऱ्याला नव्हता. मलाही नव्हता. तो फक्त तपासणाऱ्याला होता.

तपासणारी म्हणजे हेमलता. चिचगडच्या पलीकडे जंगलाला लागून एक टोला आहे, पंचवीस-तीस घरांचा. तिथल्या पोवार शेतकऱ्याची ही मुलगी. देवरीला शिकली, मग गोंदियाला मामाकडे राहून संगणकाचा पदविका अभ्यासक्रम केला. मुलाखतीत मी तिला आमचं एक पान दिलं आणि म्हटलं, यातली चूक काढ. तिनं माहिती भरली आणि 'जतन करा' हे बटन लागोपाठ दोनदा दाबलं. एकाच शेतकऱ्याच्या दोन नोंदी झाल्या. आशिष चिडला. "दो बार कौन दबाता है?"

"माहे बाबा दाबतेत," ती म्हणाली. "विहिरीची मोटर पयल्या वेळी लागतच नाई न. त्यायले सवय हाय, कोणतंबी बटन दोनदा दाबाची."

तिला त्याच क्षणी कामावर घेतलं. पुढं त्या मोटरवाल्या बाबांनी, टेकचंदभाऊंनी, आम्हाला न भेटता आमचं किती काम सुधारलं याची गणती नाही. ती प्रत्येक पानासमोर मनातल्या मनात बाबांना बसवायची. बाबा चष्मा विसरतेत, तर अक्षर मोठं पाहिजे. बाबा नाव लिहिताना आधी गावाचं सांगतेत, मग आपलं. बाबांचं बोलणं अर्ध्यावर असताना लाइट जाते, तर अर्धवट भरलेलं पान परत आलं पाहिजे. तपासणीसाठी खोटे शेतकरी लागत, तर तिनं घरच्या बैलांची नावं घातली. एकदा गिऱ्हाइकापुढं यादी उघडली आणि वरच झळकलं, लाखा टेकचंद, मोती टेकचंद. ते गृहस्थ म्हणाले, "दोघं भाऊ दिसतात." हेमलता खाली मान घालून म्हणाली, "हो जी. एकाच गोठ्यात राहतेत."

हातानं तपासणं एक आणि तपासणाऱ्या ओळी लिहिणं वेगळं. ते आम्ही हळूहळू शिकलो. एखादं काम करायच्या आधीच ते बरोबर झालं की नाही हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवायचा. त्याला आम्ही नुसतं टेस्ट म्हणत असू. काम अजून झालेलंच नसतं, म्हणून टेस्ट पहिल्यांदा नापास होते, पडद्यावर लाल ओळ येते. मग काम करत जायचं, ओळ हिरवी होईपर्यंत. रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी सगळे टेस्ट एकदम चालवायचे. हिरव्या ओळी सरसर वर जात आणि आम्ही तिघं कामं सोडून त्या बघत उभे राहत असू. खिडकीबाहेर मिलच्या पटांगणात बायका सुपानं धान उडवत असत, इथं आत आमचं उडवणं चालू. त्या संध्याकाळी माझ्या नोकरीच्या साऱ्या वर्षांपेक्षा मला जास्त सुखाच्या वाटतात.

कोणी कोणती ओळ कधी लिहिली आणि कधी काढली, याची नोंद एक व्यवस्था आपोआप ठेवायची. ती मीच बसवली होती. मुलांना सांगितलं होतं, काही बिघडलं तर कोणाला विचारू नका, आधी नोंद पाहा. माणूस विसरतो.

आणि दर दुसऱ्या शनिवारी चुकांची फेरी. फल्लीदाणे आणि आलूबोंडे मध्ये ठेवायचे आणि प्रत्येकानं पंधरा दिवसांतली आपली एक चूक सांगायची. सगळ्यात लहानानं आधी, सगळ्यात मोठ्यानं शेवटी, म्हणजे मोठ्याचं ऐकून लहान गप्प बसत नाहीत. कोणी रागवायचं नाही, समजूतही घालायची नाही. हेमलता वहीत नाव लिहायची, समोर चूक लिहायची आणि म्हणायची, "लिहिलं." एवढंच उत्तर. मग पुढचा. तिच्या त्या एका शब्दानं काय हलकं वाटायचं, ते सांगता येत नाही. मी शेवटचा. माझ्या चुका तिनं कितीतरी लिहिल्या, हसत हसत.

दोन हजार नऊच्या हंगामाआधी धान खरेदीची केंद्रं चालवणाऱ्या एका संस्थेचं काम आमच्याकडे आलं. केंद्रावर धान आणायला शेतकऱ्यांची झुंबड व्हायची, चार-चार दिवस ट्रॅक्टर रांगेत. आम्ही वेबसाइट बनवायची, शेतकऱ्याचं नाव, गाव, फोन नोंदवायचा, त्याला कोणत्या दिवशी यायचं ते फोनवर कळवायचं आणि त्या दिवसाची यादी केंद्राच्या फाटकावर लागायची. आशिषनं फोन नंबरावरून माणूस ओळखायचं ठरवलं. एक नंबर, एक शेतकरी. नीट होतं ते. बाराव्या दिवशी हेमलतानं नवं कार्ड टाचलं. तिच्या गोल अक्षरात, 'एका फोनवर सात माणसं. फोन सेवकरामचा.'

"हा सेवकराम कौन है?" आशिषनं विचारलं.

"आमच्या टोल्यावरचा दुकानदार. टोल्यावर फोन एकच हाय, त्याचाच. चिचेच्या झाडाखाली लागते. आमी सारे तोच नंबर देतो."

तिनं टेस्ट लिहिला. एका नंबरावर सात जण नोंदवायचे आणि सातही यादीत आहेत का बघायचं. लाल. कारण आमच्या व्यवस्थेत नवा माणूस त्याच नंबरावर आला की जुना पुसला जात होता. दुरुस्ती सोपी नव्हती, माणूस ओळखायची मुळातली पद्धतच बदलावी लागणार होती, दोन दिवस तरी. आणि संस्थेच्या अध्यक्षांना दुसऱ्या दिवशी सगळं दाखवायचं होतं. मी त्यांना फोनवर सांगून बसलो होतो की आमचे टेस्ट रोज हिरवे असतात, उद्या तुमच्यासमोर चालवून दाखवतो.

दुपारी आशिष जेवायला घरी गेला होता. हेमलता खाली मिलमध्ये पाणी आणायला गेली होती. मी माझ्या जागेवर बसून तो टेस्ट काढून टाकला. सगळे चालवले. हिरवे. मग उठलो आणि ते कार्ड 'चालू'मधून काढून 'झालं'मध्ये टाचलं, इतर कार्डांच्या खाली, अर्धं झाकून. मनात म्हटलं, एका फोनवर सात माणसं, असं कितीसं होणार. दाखवणं होऊ दे, मग परवा करू. परवा दुसरंच काम निघालं, आणि हिरव्या ओळी पाहून हेमलताला वाटलं दुरुस्ती आशिषनं केली, आशिषला वाटलं मी. मी विसरलो असं म्हणणं सोपं आहे. खरं हे की रोज सकाळी चहा पिताना मला ते कार्ड दिसायचं आणि मी कप लवकर संपवायचो.

अध्यक्ष खूश झाले. केंद्रं सुरू झाली. चिचगडकडच्या एका केंद्रावर टोल्याच्या सात जणांनी एकाच दिवशी नाव नोंदवलं, प्रत्येक नोंदीसरशी सेवकरामच्या फोनवर एक, असे सात निरोप आले, मंगळवारी या. त्यांनी मिळून दोन ट्रॅक्टर ठरवले, पोती भरली, पहाटेच निघाले. फाटकावरच्या यादीत त्यांच्यातलं एकच नाव होतं, सगळ्यात शेवटी नोंदवलेलं. ते सेवकरामचं, आणि त्याची पोती तीनच. बाकी सहा जण यादीत नव्हते. त्या सहांत टेकचंदभाऊ होते. केंद्राचा माणूसही काय करणार, त्याच्यापुढं कागद होता. आज होईल, उद्या होईल म्हणून ते चार दिवस फाटकाबाहेर थांबले. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि डिसेंबरचा तो नको असलेला पाऊस पडला. वरून ताडपत्री होती, खालून पाणी शिरलं. पोत्यांतल्या दाण्यांना कोंब आले. ते धान केंद्रानं घेतलं नाही. परत नेऊन घरीच खावं लागलं.

अध्यक्ष आमच्या खोलीत आले. ओरडले नाहीत. उभ्यानंच विचारलं, "सर, हे कसं झालं?"

आशिष माझ्याकडे बघत होता. हेमलताही. मी म्हटलं, "तपासणीत राहून गेलं."

तीन शब्द. हेमलतानं वळून बारदानाकडे पाहिलं. जवळ गेली, वरची कार्डं बाजूला करून ते कार्ड पाहिलं, 'झालं'च्या रकान्यात. ते तिनं तिथं लावलेलं नव्हतं. मग ती आपल्या संगणकासमोर बसली आणि बराच वेळ काहीतरी वाचत राहिली. मला वाटलं, रडू आवरते आहे.

अध्यक्षांनी केंद्रावर जाऊन लोकांना सांगितलं की तुमच्याच टोल्याच्या मुलीकडे तपासणी होती. त्यांना जे कळलं तेच त्यांनी सांगितलं.

त्या शनिवारी फेरी झाली. हेमलता सर्वांत लहान, म्हणून तिनं आधी. ती म्हणाली, "कार्ड कोणी सरकवलं ते मी रोज पाहाले पाहिजे होतं. नाई पाहिलं." स्वतःच लिहिलं. आशिष म्हणाला, "एक नंबर एक किसान, ये मेरी सोच थी." तिनं लिहिलं. मग माझं नाव लिहिलं आणि पेन धरून थांबली. खाली मिल चालू होती, चहावर रेघा उमटत होत्या. मी म्हटलं, "माझं या वेळी काही नाही."

तिनं वही मिटली. त्या दिवशी "लिहिलं" असं कोणी म्हटलं नाही.

संक्रांतीनंतर ती नागपूरला दुसऱ्या नोकरीवर गेली. जाताना म्हणाली, "सर, वही नेऊ का?" मला वाटलं, आठवण म्हणून मागते आहे. हो म्हटलं. पुढं दोन वर्षांनी दुकान आशिषच्या हाती देऊन मी घरी बसलो. बारदान उतरवताना ते कार्ड मात्र मी खिशात घातलं आणि कोणाला दाखवलं नाही.

माणूस अशी गोष्ट इतकी वर्षं का लपवतो? मला तरी मोठं कारण सापडलेलं नाही. काम जाईल ही भीती पहिल्या दिवशी होती. नंतर ती उरली नाही. नंतर फक्त एवढंच की ज्यानं नियम शिकवले त्यानंच मोडले, हे दोन मुलांसमोर म्हणवलं नाही. मग म्हणायला उशीर झाला असं वाटलं. आणि दर वर्षी आणखी उशीर होत गेला.

यंदा नातीनं ताटातला भात चिवडत विचारलं, "आजोबा, भाताला वास का येतो कधीकधी?" तिला काहीतरी उत्तर दिलं आणि उठून हेमलताला फोन लावला. ती आता तपासणाऱ्या वीस जणांची प्रमुख आहे. मी म्हटलं, "हेमलता, तो टेस्ट मी काढला होता. कार्डही मीच सरकवलं."

"मले ठाऊक हाय, सर."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. अध्यक्ष उभेच होते तेव्हा मी नोंद उघडली. तुमीच तं शिकवलं होतं. तुमचं नाव होतं. दुपारचे दोन वाजून धा मिनिटं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा नंबर शेवटचा राहते न, सर. मी पेन धरून बसून होती."

तीच पुढं म्हणाली, "आता मले सांगून काय होते? मले तं माहीतच होतं. टोल्यावर जा. बाबा अजूनबी सेवकरामच्या दुकानावर बसतेत."

गेलो. आमगाव, देवरी, चिचगड, दोन गाड्या बदलून. दोन्ही बाजूला कापलेल्या बांध्या, मळणीयंत्राचा आवाज, तणसीचे ढीग. दुकानाच्या ओट्यावर पाच-सहा जण होते. टेकचंदभाऊंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. मोबाइलचं बटन ते दोनदा दाबत होते. आता प्रत्येकाकडे आपापला फोन आहे. तरी बोलायला अजून चिचेखालीच यावं लागतं.

"कोणीकडचे जी?" सेवकरामनं विचारलं.

मी नाव सांगितलं. हेमलता माझ्याकडे कामाला होती असं सांगितलं. मग सगळं सांगितलं, क्रमानं, काही न वगळता, आणि खिशातलं कार्ड ओट्यावर ठेवलं. टेकचंदभाऊंकडे चष्मा नव्हता. सेवकरामनं वाचलं, "एका फोनवर सात माणसं. फोन सेवकरामचा." परत एकदा वाचलं. "म्हंजे पोट्टीनं आधीच लिहून ठेवलं होतं?"

"हो. ते चुकून पुसलं गेलं नाही. मी पुसलं."

टेकचंदभाऊ माझ्याशी बोललेच नाहीत. ओट्यावरच्या लोकांकडे वळले. "नऊ वर्स झाली गा. धान भिजलं का कंप्युटरवाले, यादी चुकली का कंप्युटरवाले, असंच म्हणता तुमी. माही पोट्टी लग्नकार्याले आली तरी या ओट्यापासून जात नवती, मांगच्या वाटेनं जाये." कोणी वर पाहिलं नाही. मग ते माझ्याकडे वळले. "त्या साली भात वास मारे जी. घरी आली तं तोच खाये, एक शब्द नाई बोले. मी समजलो, तिले शरम वाटून राहिली. शरम नवती मंग ते?"

"नाही."

"मंग काय होतं ते?"

मी माफी मागितली तेव्हा त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. "माफीबिफी मले नाई समजत. इथं पाचच जण हायत. उद्या चिचगडले बाजार हाय, बाकीचे तिथं भेटतेत. आज मुक्काम करा, उद्या तिथंबी सांगा. चाय घ्या."

चहा घेतला. कपातल्या चहावर रेघा नव्हत्या. टेकचंदभाऊ उठून चिचेखाली गेले, फोन लावला, बटन दोनदा दाबलं म्हणून एकदा कटला, परत लावला आणि माझ्या हाती दिला. "घ्या. सांगा तिले."

मी म्हटलं, "सांगितलं, हेमलता. सगळ्यांसमोर."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कपाट, मग जुन्या वहीची पानं उलटल्याचा. मी फोन कानाला धरून उभा राहिलो.

"लिहिलं, सर," ती म्हणाली.